किराणा दुकानाची मांडणी बदलली आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि आसपासच्या तालुक्याच्या गावांत बऱ्याच किराणा दुकानांचा जुना काउंटर गेला आणि तिथे रॅक आले. रॅकची सवय होते न होते तोच एका सकाळी रॅकही जागेवरून हलतात. दुकान तेच, मालक तेच, फक्त जिऱ्याच्या जागी शाम्पू. खालचे प्रश्न त्या सकाळनंतर विचारले जातात.

मालकाने हे मुद्दाम केलं आहे का?

हो. पण तुमच्यावर राग काढायला नाही.

ज्या गिऱ्हाइकाला दुकान पाठ असतं ते सरळ डाळ, साखर, चहा उचलतं आणि निघतं. मधल्या रॅककडे त्याची मान वळतच नाही. मांडणी बदलली की त्याच गिऱ्हाइकाला तूरडाळ शोधताना सूप, ओट्स आणि तीन प्रकारचे सॉस बघावे लागतात, आणि त्यातलं एखादं पिशवीत येतं. बाकी कारणं साधी असतात: नवा फ्रीज आला, एखाद्या कंपनीने आपल्या मालासाठी जागा मागून घेतली, सण जवळ आला, किंवा गोदामात काही पडून राहिलं होतं ते पुढे आणायचं होतं.

गिऱ्हाइकाला चालायला लावायची ही युक्ती जुनी आहे. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ नावाचं दुकान काढलं. तिथे नोकराने माल काढून द्यायचा नाही, गिऱ्हाइकाने आत शिरायचं आणि सगळ्या रांगा पार करूनच गल्ल्याशी पोहोचायचं, अशी रचना होती. या रचनेचं पेटंट १९१७ साली मिळालं. म्हणजे तुम्ही चुकला नाहीत, तुम्हाला फिरवलं जात आहे. एवढं कळलं की अर्धा राग उतरतो आणि उरलेल्या अर्ध्याचा विनोद करता येतो.

रोजच्या वस्तू नेहमी सगळ्यात मागेच का?

त्या तुम्ही घेणारच असता. मीठ मागे ठेवलं म्हणून कोणी अळणी वरण खात नाही. शिवाय साखर, तांदूळ, गहू यांची पोती जड असतात, ती गोदामाच्या दाराजवळच ठेवायला सोयीची.

उंचीचाही हिशोब असतो. नजरेसमोरच्या कप्प्यात बहुधा दुकानदाराला जास्त सुटतं तो माल असतो. तीच वस्तू स्वस्तात हवी असेल तर आधी गुडघ्याच्या उंचीला बघा, मग अगदी वर. वाकायला जमत नसेल तर नातवाला बरोबर न्या; मात्र चॉकलेटं नातवाच्या नजरेच्या उंचीवर असतात हे ध्यानात ठेवून.

पहिल्या दिवशी नेमकं काय करावं?

महिन्याचा किराणा त्या दिवशी भरू नका. दूध, चहा, लागेल तेवढंच घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं दुकान बघा. शक्यतो दुपारी अडीच-तीनच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी नसते.

आधी न हलणाऱ्या वस्तू शोधा. फ्रीज, आइस्क्रीमची पेटी, वजनकाटा आणि बिलाचं यंत्र यांना विजेचं बटण लागतं, त्यामुळे ते सहसा जागा सोडत नाहीत. जुन्या बिलाच्या पाठीवर हे चार ठिपके काढा आणि बाकीच्या रांगा त्यांच्या आधाराने लिहा: ‘फ्रीजसमोर मसाले’, ‘काट्यामागे डाळी’. रांगांचे नंबर लिहून ठेवू नका, ते लक्षात राहत नाहीत आणि पुढच्या बदलात खोटेही ठरतात.

सगळं दुकान टिपायची गरज नाही. एका घराला दर महिन्याला लागणाऱ्या वस्तू साधारण पंचवीस-तीस असतात. तेवढ्यांच्या जागा कळल्या की पुरे. बाकीच्या दुकानाशी नुसती तोंडओळख असली तरी भागतं.

यादी कशी लिहावी?

स्वयंपाकघरात आठवेल तशी लिहिलेली यादी नव्या मांडणीत चार वेळा मागे-पुढे पळवते. ती दुकानाच्या क्रमाने पुन्हा उतरवा: दारापासून सुरुवात, थंड वस्तू शेवटी. प्रत्येक नावापुढे प्रमाण लिहा. नुसतं ‘जिरं’ लिहिलं तर अर्धा किलोचं पाकीट नजरेसमोर असतं आणि १०० ग्रॅमचं खाली दडलेलं असतं. मग घरात पुढच्या पोळ्यापर्यंत पुरेल एवढं जिरं येतं.

एक नियम पाळा. वस्तू दोन फेऱ्यांत सापडली नाही तर तिसरी फेरी मारायची नाही, विचारायचं. प्रत्येक जादा फेरीत यादीबाहेरचं काहीतरी पिशवीत पडतं, आणि मालकाला तेच हवं आहे.

कळण्याचं पीठ, दादर, नागली, बिबडे (ज्वारीचे पापड)... आपलं काहीच सापडत नाही. ठेवलंय कुठे?

इथेच खरी गंमत आहे. नव्या मांडणीतल्या पाट्या बहुधा मोठ्या शहरातल्या दुकानांवरून आलेल्या असतात, आणि त्या पाट्यांना खान्देशचं स्वयंपाकघर माहीत नसतं. त्यामुळे आपल्या वस्तू परक्या नावांखाली जाऊन बसतात. कुठे काय शोधायचं ते असं:

दादर ज्वारी ‘मिलेट’ नावाच्या पाटीखाली जाते. आजोबांनी जन्मभर खाल्ली ती भाकरी आता आरोग्याच्या रांगेत आहे आणि तिच्या शेजारी वजन कमी करायची पावडर आहे. नागली ‘रागी’ या नावाने तिथेच. शहरातून सून आली आणि तिने सासूला ‘घरात रागी आहे का’ विचारलं, तर घोटाळा व्हायचाच.

कळण्याचं तयार पीठ ‘मल्टिग्रेन आटा’मध्ये सापडतं, पण पाकीट मागून वाचल्याशिवाय उचलू नका. मल्टिग्रेनच्या नावाखाली बहुतेक वेळा गहू जास्त असतो आणि त्याची भाकरी थापली जात नाही. कळण्याला ज्वारी आणि काळे उडीद एवढंच लागतं: एक किलो ज्वारीला पाव किलो सालासकट उडीद, आणि मीठ. घटकांची यादी याच्याशी जुळली नाही तर दोन्ही धान्यं सुटी घ्या आणि गिरणीत टाका. पाकिटावर पॅकिंगची तारीखही बघा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरीच्या कडा फाटतात आणि दोष मात्र थापणारीच्या हाताला लागतो.

बट्टीचं पीठ बऱ्याच वेळा ‘रवा-मैदा’च्या कप्प्यात असतं आणि त्याला लागूनच साधी कणीक. नुसत्या कणकेच्या बट्ट्या आतून चिकट आणि बाहेरून दगड होतात. जाड दळलेलं पीठ नाहीच मिळालं तर चार वाट्या कणकेत एक वाटी जाड रवा मिसळा, ओवा, मीठ, हळद आणि मोहन घाला, वेळ निभावते.

बिबडे, कुरडया आणि पापड ‘रेडी टू फ्राय’मध्ये, म्हणजे फिंगर चिप्सच्या बाजूला. पापडखार खायच्या सोड्याजवळ. दोन्ही पांढरे, दोन्ही लहान पुड्यांत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही; सोडा घातलेला उडीद पापड भाजल्यावर तसा फुलत नाही. काळा मसाला, सुकं खोबरं आणि दगडफूल हे तिघं पूर्वी एका बरणीपलीकडे असायचे, ते आता तीन रांगांत विभागले आहेत. खोबरं ‘ड्रायफ्रूट’ म्हणून काजूशेजारी गेलं. भाव तोच आहे, रुबाब वाढला.

भरताची पांढरट-हिरवी वांगी मात्र अशा दुकानात शोधूच नका. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी भाजीच्या टोपलीत जांभळी वांगी आणि ती एकत्रच टाकलेली असतात, तीही दबलेली. हिवाळ्यात आठवडे बाजार गाठा. बाजारात जागा बदलली तरी भाजीवाली हाक मारते. रॅक हाक मारत नाही.

शेवभाजीची शेव कोणत्या रांगेत?

‘नमकीन’मध्ये. पण तिथे बारीक शेव पुढे आणि भाजीची जाड, तिखट शेव मागे असते. घाईत बारीक उचलली तर रश्शात दोन मिनिटांत विरघळते आणि ताटात पिठल्यासारखं काहीतरी येतं. भाजीची शेव बोटात धरली तर लवकर मोडत नाही. पाकिटावर फक्त ‘रतलामी’ लिहिलं असेल तर जाडी बघूनच घ्या.

दुकानातल्या पोराला चिडून विचारलं तर तोही चिडतो. कसं विचारावं?

चारशे खोकी त्याने रात्रभर उचलली आहेत आणि निर्णय त्याचा नव्हता. सकाळपासून पन्नास जणांनी त्याला तेच विचारलेलं असतं. काही वस्तू त्यालाही सापडत नाहीत. तो आत्मविश्वासाने हात दाखवतो त्या दिशेला फिनाईल निघतं.

रॅकवर विनोद करा, पोरावर नको. वस्तूंची बदली झाली आहे असं धरून चाललं की बोलणं सोपं होतं. ‘भाऊ, तूरडाळीची बदली कुठे झाली?’ ‘पोह्यांना प्रमोशन मिळालं का, वरच्या कप्प्यात दिसतात?’ ‘जिऱ्याच्या घरात हे भाडेकरू कोण?’ अशा प्रश्नाला तो हसतो आणि बहुतेक वेळा स्वतः चालत येऊन वस्तू काढून देतो. नुसता हात दाखवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

पोरगं गावाकडचं असेल तर अहिराणीत विचारा. ‘भाऊ, डाय कोठे शे?’ याला ‘आठे व्हती, तठे गई’ एवढंच उत्तर आलं तरी दोघांचं मन हलकं होतं. विनोद एकदाच करायचा, हे मात्र पाळा. दर फेरीला तोच केला तर तुम्ही दिसताच ते गोदामात शिरेल.

घरातले आप्पा म्हणतात, ‘मी आता त्या दुकानात पाय ठेवणार नाही.’ काय करावं?

त्यांचं खरं दुखणं वेगळं असतं. जुन्या काउंटरवर ते उभे राहायचे, नाव सांगायचे, माल समोर यायचा आणि दोन गोष्टी व्हायच्या. आता स्वतः शोधा, स्वतः उचला आणि रांगेत उभे राहा. वर पाकिटावरची अक्षरं बारीक.

त्यांच्याकडे पूर्ण यादी देऊ नका. एकच खातं द्या, समजा चहा-साखर-तंबाखू, आणि त्या जागा आधी दाखवून ठेवा. मालक ओळखीचा असतो. यादी गल्ल्यावर देऊन माल काढून ठेवायला सांगता येतं, बरेच दुकानदार जुन्या गिऱ्हाइकासाठी हे करतात. आप्पांनी खुर्ची मागावी. बहुतेक ठिकाणी मिळते.

नवऱ्याला पाठवावं का?

पाठवा, पण फोन चार्ज करून. जिऱ्याऐवजी शहाजिरं, मोहरीऐवजी मेथीदाणा आणि खायच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा हे तीन अपघात नेहमीचे आहेत; तिसरा धोक्याचा आहे. रिकाम्या पाकिटाचा फोटो यादीबरोबर द्या.

रॅकवरच्या पाटीवर एक भाव, बिलात दुसरा. ही मांडणीचीच गडबड का?

बहुतेक वेळा तीच. माल हलतो, भावाची पट्टी जुन्या जागी चिकटून राहते. शेंगदाण्याखाली साबुदाण्याचा भाव असतो. पहिले आठ-दहा दिवस रॅकवरच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, पट्टीवरचं नाव आणि वजन वाचा.

बिल दुकानातच तपासा, घरी नाही. छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. फरक दिसला तर शांतपणे पट्टी आणि पाकीट दोन्ही दाखवा. दहापैकी नऊ वेळा तिथल्या तिथे दुरुस्ती होते. मालक छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागत असेल तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. हा विनोदाचा विषय नाही.

पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भावही छापलेला असतो. तो बघायची सवय लावा, कारण नव्या मांडणीत वेगवेगळ्या वजनांची पाकिटं मुद्दाम शेजारी येतात. समजा ८५० ग्रॅमचं पाकीट १०२ रुपयांना आणि एक किलोचं ११५ ला आहे. पहिलं स्वस्त वाटतं, पण ते किलोला १२० पडतं.

तेलाचे डबे एकत्र रचले आहेत. १५ किलो आणि १५ लिटर यांत फरक काय?

बराच. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम, आणि १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर. डबे दिसायला सारखे असतात. भाव सारखा दिसला तर डब्यावरचं एकक वाचा, मग उचला. शेंगदाणा तेलाच्या भावात हा फरक खिशाला जाणवतो.

दाराशी ‘स्वस्त माल’ची टोपली लागली आहे. घ्यावं का?

रॅक हलवले की मागे सरकलेलं सगळं बाहेर येतं, म्हणून ही टोपली लागते. तिच्यात मे महिन्यात दिवाळीचं उटणं आणि पावसाळ्यात सरबताचं सिरप असतं. साबण, उदबत्ती, काडेपेटी खुशाल घ्या. रवा, मैदा, बेसन घेताना पाकीट उजेडात धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा गोळे दिसले तर कीड लागली आहे. तारीख संपायला महिना उरला असेल आणि घरात माणसं तीनच असतील, तर पाच किलोची सवलत तुमच्या कामाची नाही.

चहाला उदबत्तीचा वास का येतोय?

नव्या मांडणीत दोघे शेजारी आले. चहा, पोहे आणि पीठ वास पटकन ओढून घेतात. बंद पाकिटाला सहसा काही होत नाही, सुटा माल मात्र साबण, फिनाईल किंवा उदबत्तीजवळ ठेवला असेल तर घेऊ नका आणि मालकाला सांगा. ही चूक त्याच्याही लक्षात आलेली नसते.

निषेध म्हणून वस्तू परत जुन्या जागी ठेवल्या तर?

कल्पना सगळ्यांना सुचते. करू नका. ती वस्तू परत जागेवर ठेवायचं काम त्याच पोराला लागतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला शाम्पूत एकटं पडलेलं जिरं सापडतं. थंड वस्तू तर कुठेही सोडू नका; पनीर बिस्किटांजवळ बराच वेळ राहिलं की ते फेकावं लागतं.

राग जिरवायचाच असेल तर घरातल्यांनी पैज लावावी: जायफळ आधी कोणाला सापडतं? हरलेल्याने पिशवी उचलायची. पळायचं नाही, आणि विचारलं तर बाद.

ढकलगाडी घ्यावी की पिशवी?

भरकटण्याच्या काळात पिशवी. हात दुखला की खरेदी थांबते. ढकलगाडी १९३७ साली ओक्लाहोमा शहरातले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी आणली, गिऱ्हाइकाचे हात थकू नयेत म्हणूनच. सुरुवातीला लोक तिला हात लावेनात, तेव्हा त्यांनी गाडी ढकलत फिरायला माणसं भाड्याने ठेवली. तुम्हाला त्यासाठी कोणी पैसे देत नाही.

उन्हाळ्यात मात्र तिथे हरवावंसं वाटतं. हे बरोबर आहे का?

पूर्ण बरोबर. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा एसीच्या दुकानात तूरडाळ अर्धा तास सापडली नाही तरी कोणाची तक्रार नसते. फक्त पैशांचं पाकीट घरी ठेवा आणि मोजके पैसे न्या. दही, लोणी शेवटी घ्या आणि घर गाठेपर्यंत डिकीत ठेवू नका.

सवय किती दिवसांत होते?

आठवड्यातून एकदा जात असाल तर साधारण महिना-दीड महिना. त्यातही नजर लवकर शिकते, हात उशिरा. मीठ कुठे आहे हे माहीत असूनही हात जुन्या जागेकडे जातो. यात वयाचा किंवा डोक्याचा दोष नाही. सवयीचं काम डोकं विचार न करता करतं, म्हणून.

आणि पुन्हा बदललं तर?

बदलेल. मार्च-एप्रिलमध्ये पापड-कुरडईचा माल पुढे येतो, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पुरणाची डाळ, गूळ आणि सांजोऱ्यांचा रवा, श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी नारळ आणि गहू, मग दिवाळी. हे सणाचे बदल दाराजवळच्या एक-दोन रॅकपुरते असतात आणि सण झाला की बहुतेक परत जातात. त्यासाठी नवा नकाशा काढू नका.

मालकाला काही सुचवता येईल का?

येईल, आणि बरेच मालक ऐकतात. तीन गोष्टी मागा. जुन्या जागी महिनाभर कागद चिकटवावा: ‘तूरडाळ आता काट्यामागे.’ पाट्यांवर मिलेटखाली कंसात ज्वारी, नागली, बाजरी लिहावं. आणि कळण्याचं पीठ, पापडखार, भाजीची शेव, काळा मसाला, बिबडे यांचा एक रॅक वेगळा करून त्यावर ‘आपलं’ लिहावं. गल्ल्यावर गर्दी नसताना, शक्यतो बिल चुकतं केल्यावर बोला. उधारी बाकी असेल तर सूचना पुढच्या महिन्यात करा.